टेबलाच्या आतला माणूस

पेई शूलिन दारू पीत नसे, पत्त्यांना शिवत नसे, बायकोवर आवाज चढवत नसे. त्याला एकच व्यसन होतं: तो जळायचा. तेही उठसूट सगळ्यांवर नाही. एकाच माणसावर, लुआन फंगशानवर, आणि गेली अठ्ठावीस वर्षं, सणवार न पाळता. लुआन त्याचा शत्रू असता तर गोष्ट सोपी होती. पण लुआन त्याचा जोडीदार होता. रोज दुपारी दोन वाजता दोघं एकाच रंगाचे पायघोळ झगे घालून तियानजिनच्या समाधान चहाघरात एकाच टेबलाशी उभे राहायचे आणि दीडशे माणसांना हसवायचे.

उभं कुठे राहायचं, यातच सगळं दुखणं होतं. आमच्या या कलेत एक जण टेबलाच्या बाहेर, लोकांच्या अंगाला उभा राहतो. तो बोलतो, नकला करतो, गातो, थापा मारतो. दुसरा टेबलाच्या आत उभा राहतो आणि "हं", "बरं", "मग?", "काय सांगतोस!" एवढं म्हणतो. पाटीवर बाहेरच्याचं नाव मोठं. आतल्याचं त्याच्याखाली, जागा उरली तर. पेई आतला होता.

सुरुवात उलटी झाली होती, हे पेई कुणालाही विसरू देत नसे. मंग गुरुजींकडे तो लुआनच्या तीन वर्षं आधी शिकायला लागला. त्या नात्यानं लुआन अजूनही त्याला दादा म्हणायचा. पहिली दोन वर्षं पेई बाहेर उभा राहिला आणि लुआन आत. मग एका हिवाळ्यात सकाळी गुरुजींनी चहाच्या वाटीवरचं झाकण सारत सांगितलं, "शूलिन, उद्यापासून तू आत."

"का, गुरुजी? माझं काही चुकलं?"

"तू ऐकतोस. हा फंगशान कुणाचं ऐकत नाही. जो ऐकत नाही त्याला बाहेर सोडावा."

हे कौतुक होतं की शिक्षा, ते पेईला कळलं नाही. विचारायचं धाडस गोळा होईपर्यंत गुरुजी वारले. तेव्हापासून त्यानं आपल्यापुरता निकाल लावून टाकला: कानामागून आली आणि तिखट झाली.

जळणाऱ्या माणसाची नजर फार बारीक असते. सकाळी गल्लीच्या तोंडाशी मुगाच्या धिरड्यांची गाडी लागायची. आमच्याकडे अंडं ज्यानं त्यानं घरून न्यायचं, तशी पेई रोज खिशात दोन अंडी घेऊन रांगेत उभा राहायचा. धिरडंवाली त्याची अंडी घ्यायची, फोडायची आणि विचारायची, "लुआनचा घसा बरा आहे ना आता?" तोच लुआन आला, की त्याला ती खिशात हातही घालू द्यायची नाही. "ठेव रे तुझी अंडी! माझ्या घरची संपली नाहीत अजून." पेईनं घरी येऊन हे बायकोला सांगितलं. "प्रश्न अंड्याचा नाही, येवफन. त्यातली वृत्ती बघ."

येवफन कणीक मळत होती. "वृत्ती कसली बघायची? तो रांगेत उभा राहून तिला हसवतो. तू रांगेत उभा राहून काय करतोस?"

"काय करतो?"

"हं म्हणतोस."

पण खरा घाव झाला तो मुलीकडून. युमिनचं लग्न दूर चंगदूला झालं. तिच्या सासूबाईंनी विचारलं, वडील काय करतात? कलावंत आहेत, युमिन म्हणाली. सासूबाईंनी हौसेनं मोबाइलवर एक खेळ शोधून काढला, शेवटपर्यंत पाहिला, आणि म्हणाल्या, "दुसरे गृहस्थ फार छान बोलतात. तुझे वडील बोलायला कधी लागतात?" युमिननं हे फोनवर हसत हसत सांगितलं. पेईही हसला. फोन ठेवल्यावर दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नाही.

अशा मनःस्थितीत तो असताना वसंतात बेजिंगहून तोंगताई आली. ताई तीस वर्षांची आणि पेई बावन्नचा, पण तियानजिनमध्ये पाळण्यातल्या पोरीपासून काठी टेकणाऱ्या म्हातारीपर्यंत बाई दिसली की ती ताईच. ती माहितीपट करत होती. लोकांसमोर उभं राहून त्यांना हसवायचं, हे काम नेमकं कसं करतात आणि ते करताना माणसाचं काय काय मोडतं, हा तिचा विषय. शांघायची स्टँड-अप करणारी, हातात माईक घेऊन एकटी उभी राहणारी पोरं-पोरी तिनं चित्रित करून झाली होती. आता तिला जुन्या वळणाची माणसं हवी होती. बारा दिवस ती समाधान चहाघरात राहणार होती.

पेईनं त्याच संध्याकाळी मुलीला फोन केला. "सासूबाईंना सांग, सिनेमा येतोय. त्यात दिसेल मी काय करतो ते."

त्याला दुसरं काही नको होतं. पाटीवर मोठं नाव नको, टाळ्या नकोत. त्या कॅमेऱ्यानं एकदा, फक्त एकदा, टेबलाच्या आत बघावं.

आणि आत बघण्यासारखं खरोखर होतं, हे त्याचा हेवेखोरपणा मान्य करूनही सांगायला हवं. विनोदाला आम्ही गाठोडं म्हणतो. बाहेरचा माणूस लोकांदेखत एकेक वस्तू त्यात टाकत जातो, त्यांच्या नकळत फडकं आवळतो, आणि ऐन वेळी गाठ सोडतो. मग आतून भलतंच बाहेर पडतं आणि लोक हसतात. पण गाठीचं एक टोक आतल्याच्या हातात असतं. त्यानं ते अर्धा श्वास आधी ओढलं तर गाठोडं हातातच फुटतं. अर्धा श्वास उशिरा ओढलं तर लोकांना आतला माल दिसून गेलेला असतो. म्हणून तीनदा नुसतं "बरं" म्हणायचं, तेही एकसारखं, लोकांना सवय लागेल असं. आणि चौथ्यांदा, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, प्रश्न टाकायचा. पेईचा प्रश्न अठ्ठावीस वर्षांत ना लवकर पडला होता, ना उशिरा. हे लुआनला ठाऊक होतं, तिसऱ्या रांगेतल्या जुन्या प्रेक्षकाला, निंगआजोबांना ठाऊक होतं, आणि पेईला तर जरा जास्तच ठाऊक होतं.

कॅमेऱ्याला मात्र ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवसापासून तो लुआनच्या मागे लागला. लुआन धिरडं खातोय, लुआन नदीकाठी मोठ्यानं जुनी गाणी घोकतोय, लुआन घशासाठी नासपतीचा काढा पितोय, लुआन आरशासमोर झग्याची बटणं लावतोय. पेई त्याच आरशासमोर, दोन हात अंतरावर, तीच बटणं लावत असायचा. कॅमेरेवाला पुढे होऊन म्हणायचा, "काका, जरा असे सरकता का?" पेई सरकायचा.

सहाव्या दिवशी तोंगताई म्हणाली, "पेई गुरुजी, उद्या तुमची मुलाखत."

त्या रात्री येवफननं त्याचे केस कापले, सदऱ्याला इस्त्री केली. "सगळं सांगून टाक," ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं मला सांगतोयस ते तिला सांग, म्हणजे मी सुटले." सकाळी तो खुर्चीवर ताठ बसला. दिवा लागला. ताईनं पहिला प्रश्न विचारला.

"लुआन गुरुजी पहिल्यांदा भेटले तेव्हा कसे होते?"

पेईनं सांगितलं. दुसरा प्रश्न: लुआन गुरुजी कधी खचलेले पाहिलेत का? तिसरा: त्यांच्या यशाचं रहस्य काय असेल? चौथा प्रश्न विचारताना ताई पुढे झुकली, तेव्हा पेईही खुर्चीत पुढे सरकला.

"त्यांच्याबरोबर काम करायला मिळालं, हे केवढं भाग्य वाटतं तुम्हाला?"

पेई म्हणाला, "केवढं म्हणजे, मोठंच."

दिवा बंद झाला. घरी गेल्यावर येवफननं दारातच विचारलं, "सांगितलंस सगळं?"

"सांगितलं. लुआनचं सगळं सांगितलं."

त्यानंतर तो कुणाशी धड बोलेना. लुआननं एकदा म्हटलंही, "दादा, दात दुखतोय का?" पेईनं मान हलवली. दाताचं दुखणं सांगता येतं. पोटातलं दुखणं कसं सांगणार? त्यातून त्याला लुआनचा राग यावा असं लुआन काही करत नव्हता, हे तर आणखीच जाचक होतं. माणूस नालायक असला तर निदान झोप तरी लागते.

अकराव्या दिवशी, खेळाच्या आधी, आवाज पकडणारा जाडा माणूस कानांवरची यंत्रं गळ्यात टाकून पेईपाशी आला. अतिशय नम्र माणूस. कंबरेत वाकून म्हणाला, "काका, एक विनंती होती. तुमचं ते 'हं', 'बरं', लुआन गुरुजींच्या वाक्याच्या शेपटावर येतं. मग आम्हाला त्यांचा आवाज स्वच्छ मिळत नाही. आज जरा कमी करता येईल का?"

पेईनं त्याच्याकडे बघितलं. "कमी?"

"म्हणजे अगदी गरजेचं तेवढंच."

"गरजेचं कोणतं, ते तुम्हीच सांगा."

"ते तुम्हाला जास्त कळतं, काका," असं म्हणून तो आपली वायर उचलून गेला.

त्या दिवशी सासऱ्याचा खेळ होता. तो लुआनचा हुकमी खेळ, आणि त्याची रचना अशी, की लुआन सांगतो: पहिल्या वर्षी नववर्षाला सासरे घरी आले, मी त्यांना घरातली एकुलती खुर्ची दिली. बरं, पेई म्हणतो. दुसऱ्या वर्षी आले, मी त्यांना जपून ठेवलेली दारूची बाटली दिली. बरं. तिसऱ्या वर्षी आले, मी त्यांना माझा पलंग दिला, मी जमिनीवर झोपलो. बरं. सकाळी उठून सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी, म्हणाले, बाळा, असा जावई नशिबानं मिळतो! आणि इथे पेई, एखाद्या शेजाऱ्यानं विचारावं तसं सहज विचारतो: "आणि वहिनी काय म्हणाल्या?" लुआन त्याच्याकडे आश्चर्यानं बघतो. "वहिनी? दादा, माझं लग्न कुठं झालंय!" "मग हा म्हातारा कोण?" "तेच तर तीन वर्षं विचारायचं राहून जातंय!"

या ठिकाणी चहाघराचं छप्पर उडतं. निंगआजोबा सायकलच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून चारदा येतात. त्यांनी हा खेळ शंभरदा तरी ऐकला असेल, आणि शंभरदा त्यांच्या तोंडातलं कलिंगडाचं बी पुढच्या रांगेत गेलं आहे.

कॅमेरा लागला. दीडशे माणसं, झाकणाच्या वाट्यांतला मोगऱ्याचा चहा, बियांच्या सालांचा सडा. लुआन रंगात होता. खुर्ची दिली. बरं. बाटली दिली. बरं. पलंग दिला. बरं. पेईला समोर कॅमेरा दिसत होता. त्याचा काळा डोळा लुआनच्या चेहऱ्यावर रोखलेला होता. पेईच्या नुसत्या बाहीवर त्याची कड पडत असेल.

"सकाळी उठून सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी," लुआन म्हणाला. "म्हणाले, बाळा, असा जावई नशिबानं मिळतो!"

पेईच्या जिभेवर प्रश्न येऊन बसला. अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं ओठ उघडलेसुद्धा. त्यानं ते मिटले आणि म्हणाला, "बरं."

लुआनला वाटलं, दादांना ऐकू आलं नसेल. त्यानं धागा लांबवला. "चौथ्या वर्षी आले, तर... तर मी त्यांना माझी रजई दिली."

"बरं."

"असा जावई नशिबानं मिळतो, म्हणाले."

"बरं."

आता लोकांना कळलं. तियानजिनच्या लोकांना फसवणं सोपं नाही. आईच्या दुधाबरोबर खेळ प्यालेली माणसं ती. कुणीतरी हळूच हुर्योचा 'इऽऽऽ' असा सूर लावला, मागच्या बाकानं तो उचलला, आणि सगळ्या चहाघरानं एका दमात तो ओढला. तिसऱ्या रांगेतून निंगआजोबा ओरडले, "अरे पेई, झोपलास की काय रे?"

लुआनच्या कपाळावरून घाम ओघळत होता. शेवटी त्यानं, या धंद्यात जे कधीच करू नये, ते केलं. स्वतःची गाठ स्वतःच ओढली. "तुम्ही... तुम्ही विचारत का नाही, बायको काय म्हणाली? माझं तर लग्नच नाही झालेलं!" कुणी हसलं नाही. एका बाईनं चहाच्या वाटीवर झाकण ठेवलं, तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला.

आत आल्यावर दोघांनी झगे उतरवले. लुआन आपल्या झग्याची घडी घालत होता, पुन्हा मोडत होता, पुन्हा घालत होता.

"त्या आवाजवाल्यानंच सांगितलं होतं," पेई म्हणाला. "कमी बोला म्हणाला."

"हो?"

"गरजेचं तेवढंच बोला म्हणाला."

"मग बरोबर आहे," लुआन म्हणाला आणि घडी घातली. त्यानं पेईच्या वाटीत गरम पाणी ओतलं, जसं रोज ओतायचा. पेईला वाटलं होतं आता भांडण होईल. अठ्ठावीस वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर काढायला त्याला एक भांडण हवंच होतं. ते झालं नाही.

आणि तेवढ्यात पडदा सारून तोंगताई आत आली. तिचे डोळे चमकत होते. तिनं लुआनचे दोन्ही हात धरले. "लुआन गुरुजी! मी सहा महिने हेच शोधत होते. पडताना माणूस कसा उभा राहतो, ते! तो घाम, ती धडपड... हाच माझ्या सिनेमाचा प्राण आहे!"

पेई तिथेच बाकावर बसला. गणपती करायला गेला आणि झाला मारुती. त्यानं लुआनला खाली ओढायला म्हणून हात घातला, आणि लुआन आणखी एक पायरी वर चढला. पडण्यातसुद्धा या माणसाचं नशीब चांगलं.

पुढचे चार महिने दोघं रोज दोन वाजता उभे राहत होते. पेईचे प्रश्न वेळेवर पडत होते. त्या दिवसाबद्दल लुआननं चकार शब्द काढला नाही, आणि सासऱ्याचा खेळही पुन्हा कधी लावला नाही.

शरदात सिनेमा तयार झाला. ताईनं ठरवलं, पहिल्यांदा समाधान चहाघरातच दाखवायचा, दुपारी, नेहमीच्या माणसांना. खिडक्यांना काळी फडकी लावली. आणि चंगदूहून युमिन आली, तीही सासूबाईंना घेऊन. पेईनं फोनवर नाना कारणं सांगून बघितली: हवा चांगली नाही, गाड्यांना गर्दी असते, सिनेमा काही एवढा नाही. युमिन म्हणाली, "बाबा, तुम्हीच तर म्हणालात दिसेल म्हणून." मग तो काय बोलणार? सासूबाई दुसऱ्या रांगेत बसल्या, शेजारी युमिन, शेजारी येवफन. पेई मागे, भिंतीला टेकून उभा राहिला.

पडद्यावर लुआन धिरडं खात होता. लोक हसले. लुआन नदीकाठी गात होता. आरशासमोर लुआन बटणं लावत होता. आरशाच्या कडेला एक कोपर दिसलं आणि गेलं. ते आपलं कोपर आहे, हे पेईशिवाय कुणाला कळायचं कारण नव्हतं. अर्धा तास झाला. सासूबाईंनी युमिनच्या कानात काहीतरी विचारलं. युमिननं, थांबा, अशी खूण केली.

मग तो दिवस आला. लुआनचा चेहरा, पडदाभर. कपाळावरचा घाम, डोळे कुणाला तरी शोधताहेत. 'इऽऽऽ' असा सूर. दीडशेपैकी निम्मी माणसं त्या दिवशी इथेच होती. खरं काय झालं होतं, ते त्यांना शिकवायला नको होतं. तिसऱ्या रांगेत निंगआजोबा हळूहळू मागे वळले आणि त्यांनी भिंतीशी उभ्या पेईकडे बघितलं. काही बोलले नाहीत. आमच्या गावात म्हातारा माणूस बोलण्यासारखं असून बोलत नाही, तेव्हा ते फार वाईट असतं.

पडद्यावर ताईचा आवाज आला. "त्या दिवशी काय झालं, लुआन गुरुजी?"

लुआन खुर्चीत बसला होता, साध्या सदऱ्यात. पेईला वाटलं, आता हा सांगणार, आणि का सांगू नये? आपण असतो तर सोडलं असतं का?

"माझं चुकलं," लुआन म्हणाला. "सासऱ्याच्या वाक्यानंतर मी अर्धा श्वास कमी थांबलो. दादांना प्रश्न टाकायला जागाच ठेवली नाही."

"म्हणजे?"

"ताई, तुम्ही बारा दिवस माझ्याकडे बघितलंत. मीही प्रश्न पडेपर्यंत दादांकडे बघत नाही, पण माझं कारण वेगळं आहे. घरातल्या अंधाऱ्या जिन्यावरून उतरताना आपण पायरी बघतो का? पाय टाकतो, ती असतेच. मला अठ्ठावीस वर्षांत पायरी सापडली नाही असं झालेलं नाही. त्या दिवशी मीच वेडावाकडा पाय टाकला. बोल लावायचा तर मला लावा. आणि खरा धंदा बघायचा असेल, तर जुन्या चित्रणात दादांच्या तोंडाकडे बघा. माझ्याकडे नका बघू."

आणि ताईनं बघितलं होतं. आधीच्या कुठल्या तरी दिवशी लांबून घेतलेलं सगळ्या रंगमंचाचं चित्रण होतं. तिनं त्यातला टेबलामागचा भाग मोठा केला होता. पडदाभर पेईचा चेहरा आला. "बरं." डोळे लुआनच्या ओठांवर. "बरं." मान एवढीशी कललेली. "बरं." मग एक क्षण, ज्यात काहीच नाही, आणि त्या काहीच नसण्यात अख्खं चहाघर श्वास धरून. "आणि वहिनी काय म्हणाल्या?" हसण्याचा स्फोट झाला, पडद्यावर आणि पडद्याखालीही. ताईनं तेच पुन्हा दाखवलं, लुआनचा आवाज काढून, नुसता पेई. लोक पुन्हा हसले, आणि नंतर टाळ्या वाजायला लागल्या.

सासूबाई उठून मागे आल्या, युमिनचा हात धरून. त्यांचे डोळे पाणावले होते. "व्याहीबुवा, मला क्षमा करा. मला कळलंच नव्हतं हो. आता कळलं तुम्ही काय करता ते." युमिन नुसती रडत-हसत होती. येवफन लांबून बघत होती, आणि गेल्या कित्येक वर्षांत तिनं नवऱ्याकडे असं बघितलं नव्हतं. पेईनं मागितलं होतं ते सगळं, अगदी जसंच्या तसं, त्याच्या हातात पडलं होतं. ते धरून ठेवायला त्याला जागा सापडेना.

तो मागच्या दारानं अंगणात गेला. लुआन नळाशी तोंड धूत होता.

"खोटं का बोललास?"

लुआननं ओल्या चेहऱ्यानंच वर बघितलं. "काय खोटं?"

"तुझं चुकलं नव्हतं. मी मुद्दाम विचारलं नाही. आणि तुला ते तेव्हाच कळलं होतं."

"कळलं होतं ना. एवढी वर्षं शेजारी उभा आहे, बहिरा थोडाच आहे." त्यानं खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंड पुसलं. "अहो दादा, ताईनं मला विचारलं, मी माझं चुकलं म्हटलं. त्यात एवढं काय? तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंच असतंत की."

पेईचं उत्तर चार महिन्यांपासून तयार होतं. ताई कधीतरी आपल्यालाही विचारेल, म्हणून त्यानं ते घरी आरशासमोर पाठ केलं होतं, उसासा कुठे टाकायचा ते ठरवून. लुआनचं चुकलं, वाक्यानंतर तो अर्धा श्वास कमी थांबला, मला जागाच उरली नाही. शब्दसुद्धा तेच होते. ताईनं त्याला कधी विचारलंच नाही, एवढीच त्याची खंत होती.

"केलंच असतं," पेई म्हणाला. उत्तर अगदी वेळेवर पडलं.

लुआन मनापासून हसला, टॉवेल झटकून त्यानं दोरीवर टाकला, आणि "चला, विहीणबाईंना चहा पाजू" म्हणत आत गेला. त्याच्या त्या पाठमोऱ्या, हलक्याफुलक्या चालीवर पेई जेवढा जळला, तेवढा सगळ्या आयुष्यात कधी जळला नव्हता.